मंगळावर शोधला, मेसमागे कधी शोधणार?

५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटाहून मंगळयान उडालं आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी, पहिल्याच प्रयत्नात, मंगळाच्या कक्षेत पोचलं. त्याच्यावर पाच उपकरणं होती आणि त्यातलं एक खास मिथेन शोधण्यासाठी बनवलेलं होतं. मंगळावर मिथेन सापडला तर कदाचित तिथे कधीकाळी जीवसृष्टी असेल, हा त्यामागचा विचार. पुढे त्या उपकरणाच्या रचनेतल्या मर्यादेमुळे मिथेनचा पक्का निकाल काही लागला नाही, आणि ते मंगळाच्या पृष्ठभागावरून परत फिरणारा प्रकाश मोजण्याच्या कामी आलं. म्हणजे मिथेन मोजणं हे सोपं काम नाही, हे आपण कोट्यवधी किलोमीटर लांब जाऊन शिकलो!

आता जरा जवळ येऊ. कोणत्याही हॉस्टेलच्या मेसमागे रात्री साडेनऊ वाजता जाऊन बघा. शिळा भात, पोळ्यांचे तुकडे, वरणाचं पाणी, भाजीची देठं असं सगळं एका ड्रममध्ये. दुसऱ्या दिवशी ते गाडीत, गाडीतून गावाबाहेरच्या ढिगावर. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि हवा नसली की अन्नाचं जे होतं ते होतं : मिथेन. तिथे मिथेन आहे की नाही, याबद्दल कुठल्याच शास्त्रज्ञाला शंका नाही. फक्त किती आहे, हे कुणी मोजलेलं नाही. माझा सगळा लेख या एका ‘किती’बद्दल आहे.

मित्र-मैत्रिणींनो, मिथेन म्हणजे काही नवीन भानगड नाही. १७७६ साली व्होल्टाने (हो, तोच बॅटरीवाला) इटलीतल्या एका सरोवराच्या चिखलातून येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेटतो हे दाखवलं. आमच्या शाळेच्या इंग्रजी पुस्तकात त्याचं नाव ‘मार्श गॅस’, आणि माजलगावला आजीच्या तोंडी ‘गोबरगॅस’. वस्तू एकच. स्वैपाकघरातल्या शेगडीत तो जळला तर देवमाणूस. न जळता हवेत गेला तर मात्र १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनाला वजन २८ पट उष्णता धरून ठेवतो, आणि २० वर्षांचा हिशेब धरला तर ८० पटींच्या आसपास. उद्योगयुगाआधी हवेत तो दर अब्ज कणांमागे ७०० ते ७५० कण एवढा होता. आज १९०० च्या वर आहे.

पण त्याचा एक गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. तो हवेत साधारण बारा वर्षंच टिकतो. कार्बन डायऑक्साइडचं पाप नातवंडांपर्यंत पुरतं. मिथेन आज कमी केला तर त्याचा फरक आपल्याच नोकरीच्या काळात दिसेल. वीस वर्षांच्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे?

आता माझ्या गावाकडे. माजलगाव म्हटलं की लोकांना सिंदफणेवरचं धरण आठवतं. धरण आलं तसा ऊस आला, ऊस आला तसे कारखाने आले. तेलगावपासून पवारवाडीपर्यंत हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागते. बीड जिल्ह्याचे लोक कोयता घेऊन दुसऱ्यांच्या जिल्ह्यात ऊस तोडायला जातात, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण आमच्याकडेही धुराडी पेटतात, हे जरा कमी लोकांना माहीत असतं.

साखर कारखान्यातून साखरेशिवाय बरंच काही निघतं. १०० टन ऊस गाळला की ढोबळमानाने २८ ते ३० टन बगॅस, ४ टनांच्या आसपास मळी आणि ३ ते ४ टन प्रेसमड. बगॅस बॉयलरमध्ये जळतो. मळीची डिस्टिलरीत दारू, म्हणजे अल्कोहोल, होतं, आणि एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर काळं पाणी उरतं. त्याला स्पेंटवॉश म्हणतात. गावात नुसतं ‘मळीचं पाणी’. प्रेसमड म्हणजे उसाचा रस गाळल्यावर राहिलेला काळसर चोथा. त्याचे ढीग यार्डात लागतात आणि तो शेतकरी खत म्हणून नेतात.

एक गणित करून बघा, आपल्या पोरांना गणित आवडतं. स्पेंटवॉशच्या एका लिटरमधलं सेंद्रिय द्रव्य संपवायला सुमारे १ लाख मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. यालाच आपण सीओडी म्हणतो. म्हणजे एका घनमीटरमागे १०० किलो. हवा नसलेल्या टाकीत त्यातलं ६५ टक्के कुजलं आणि किलोमागे ०.३५ घनमीटर मिथेन निघाला, तर एका घनमीटर मळीच्या पाण्यातून जवळजवळ २३ घनमीटर मिथेन. दिवसाला ३० हजार लिटर अल्कोहोल काढणारी छोटी डिस्टिलरी धरा, लिटरमागे १० लिटर पाणी धरा : ३०० घनमीटर स्पेंटवॉश, म्हणजे रोज सुमारे ७ हजार घनमीटर मिथेन. हे पाणी उघड्या तळ्यात साठवलं तर त्यातला मोठा भाग फुकट आकाशात. झाकलेल्या डायजेस्टरमध्ये घातलं तर तोच बॉयलरचं इंधन. महाराष्ट्रातल्या कित्येक डिस्टिलऱ्यांनी डायजेस्टर बसवले ते काही हवामानाच्या प्रेमाने नव्हे. इंधनाचा पैसा वाचतो म्हणून. मला त्यात काही वाईट वाटत नाही. उलट, चांगलं काम करायला स्वार्थाचं कारण सापडलं की ते काम टिकतं.

प्रेसमडचं तसंच. साधारण २५ टन प्रेसमडमधून एक टन कॉम्प्रेस्ड बायोगॅस निघतो. रोज ५ हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात रोज दीडशे-दोनशे टन प्रेसमड, म्हणजे ६ ते ८ टन गॅस. ऑक्टोबर २०१५... नव्हे, त्या वर्षी तर मराठवाड्यात गाळायला ऊसच नव्हता! ऑक्टोबर २०२५ मध्ये कोपरगावच्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे कारखान्यात दिवसाला १२ टन गॅसचा प्रकल्प सुरू झाला. सहकारी कारखान्याने स्वतः चालवलेला देशातला पहिला, असं त्या वेळी सांगितलं गेलं. ‘पहिला’ या शब्दाचा अभिमान वाटतो, पण थोडी लाजही वाटायला हवी. केंद्र सरकारच्या ‘सतत’ योजनेत ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरलं होतं की २०२३-२४ पर्यंत देशात असे ५ हजार प्रकल्प उभे करायचे. मुदत संपली तेव्हा त्याच्या दशांशानेही उभे नव्हते.

इथे एक गोष्ट शेतकऱ्याच्या घरातली म्हणून सांगते. प्रेसमड हे सभासदाचं खत आहे. उद्या गॅसच्या नादात त्याचं खत गेलं आणि हवामान वाचवल्याचं सर्टिफिकेट दुसऱ्याला मिळालं, तर गावात या प्रकल्पाला कुणी उभं करणार नाही. खरं तर डायजेस्टरमधून कार्बन आणि हायड्रोजन गॅसरूपाने जातात. नत्र, स्फुरद, पालाश जवळपास सगळं मागच्या गाळात राहतं. तो गाळ शेतावर परत पोचला पाहिजे, हे करारात लिहून घ्यावं. एवढं केलं तर भांडण उरत नाही.

आता ‘किती’कडे. मिथेन मोजण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक कागदावरची : किती टन कचरा, त्यात कुजणारा किती, तो किती वेगाने कुजतो, यावरून अंदाज. दुसरी, प्रत्यक्ष हवेतला मिथेन मोजून मागे जायचं. २०२२ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. ब्यूनस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांकडे उपग्रहातून बघितलं गेलं. मुंबईतल्या एका कचराभूमीतून तासाला सुमारे ९.८ टन मिथेन निघतोय असं दिसलं; वर्षाचा हिशेब ८५ हजार टन. आणि चारही शहरांचा मिळून प्रत्यक्ष मिथेन कागदावरच्या अंदाजांपेक्षा १.४ ते २.६ पट निघाला. म्हणजे वहीत शंभर लिहिलेलं, आणि खरे दीडशे किंवा अडीचशे!

हे असं का होतं? कारण कागदावरचे आकडे सरासरीचे असतात. आयपीसीसीच्या पद्धतीत उष्ण प्रदेशाचे दोन भाग आहेत, कोरडा आणि ओला. सीमा वर्षाला १००० मिलिमीटर पावसाची. मुंबई ओल्यात, बीड कोरड्यात. ओल्या भागात अन्नाचा कचरा निम्मा कुजायला पावणेदोन वर्षं धरतात, कोरड्या भागात आठ वर्षं. आता सांगा, मेसचा डाळभात मुळातच ओला. तो दुष्काळी जिल्ह्यात पडला म्हणून आठ वर्षं वाट बघत बसेल का? कदाचित उन्हाने वरचा थर सुकेल आणि वेग खरंच मंदावेल. कदाचित खालचा थर भराभर कुजेल. वादविवाद स्पर्धा घेऊन याचा निकाल लागत नाही. ढिगाजवळ जाऊन मोजायला लागतं.

कुणी म्हणेल, उपग्रह आहेत की! आहेत. युरोपचा सेंटिनेल-५पी २०१७ पासून रोज पृथ्वी बघतोय. पण त्याचा एक ठिपका जमिनीवर साडेपाच बाय सात किलोमीटरचा. त्यात माजलगाव, धरणाचा काठ आणि आजूबाजूची रानं सगळी एकत्र. मार्च २०२४ मध्ये खास मिथेनसाठी सोडलेला मिथेनसॅट जून २०२५ मध्ये संपर्काबाहेर गेला. बारीक नजरेचे उपग्रह आहेत, पण त्यांनाही एका ठिकाणाहून तासाला शंभर किलोच्या आसपास मिथेन निघाला तरच तो नीट दिसतो. आपला ढीग त्यांच्या दृष्टीने किरकोळ. तात्पर्य, तालुक्याच्या उकंड्याची दखल घ्यायला आकाशातून कुणी येणार नाही. ते काम जमिनीवरच्या माणसांनाच करावं लागेल, आणि त्यासाठी लागणारी माणसं इंजिनीअरिंग कॉलेजात फुकट उपलब्ध आहेत!

साधनं काय लागतात? एक पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं पिंप उलटं करून ढिगावर घट्ट बसवायचं, कडा मातीने बंद करायच्या. आतल्या हवेतला मिथेन दर पाच मिनिटांनी मोजायचा. तो किती वेगाने वाढतो, त्याला पिंपाच्या आकारमानाने गुणायचं आणि खालच्या क्षेत्रफळाने भागायचं. झाला त्या जागेचा मिथेन. अशा वीस-तीस जागा घेतल्या की ढिगाचा बऱ्यापैकी अंदाज येतो. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांच्या दर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये एमक्यू-४ सेन्सर असतोच. तो स्वस्त आहे, पण लबाडही आहे. आर्द्रता वाढली किंवा दुसरा ज्वलनशील वायू आला की आकडा फुगवतो. म्हणून आधी माहीत असलेल्या मिश्रणावर तो तपासून घ्यायचा. बायोगॅसमध्ये मिथेन किती टक्के हे बघायला तर सेन्सरही नको. सिरिंजमध्ये गॅस घ्या, कॉस्टिक सोड्याचं पाणी ओढा, हलवा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात जिरतो, उरलेला बराचसा मिथेन. हातमोजे आणि चष्मा मात्र घालाच.

आणि एक कळकळीची सूचना. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे ठिणगीची वाट बघणारा स्फोट. सोबतचा हायड्रोजन सल्फाइड तर ठिणगीचीही वाट बघत नाही. टाकीत, खड्ड्यात, गटारात कुणीही उतरायचं नाही. स्वतः नाही आणि दोनशे रुपये देऊन दुसऱ्याला तर मुळीच नाही. आपल्या देशात सेप्टिक टँकमध्ये माणसं मरतात ती याच वायूंनी. मिथेन मोजायला शिकणं म्हणजे तिथे माणूस का पाठवायचा नाही, हे शिकणंही आहे.

आता हॉस्टेलचा हिशेब. समजा ५०० जण जेवतात आणि माणशी रोज १६० ग्रॅम ओला कचरा होतो. रोजचे ८० किलो. किलोमागे १०० लिटर बायोगॅस धरला तर ८ घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम एलपीजी. रोज ३.६ किलो, म्हणजे १९ किलोचा सिलेंडर पाच-साडेपाच दिवसांत एक, महिन्याला पाचच्या वर. मेसचं बिल बघितलेल्याला याची किंमत सांगायला नको.

आता दुसरी बाजू, जी कुठल्याही उद्घाटनाच्या भाषणात येत नाही. त्या ८ घनमीटरमध्ये ६० टक्के मिथेन, वजनाने सुमारे ३.२ किलो. हाच कचरा पाच मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगावर टाकला तर थोडी हवा लागते, म्हणून आयपीसीसीच्या हिशेबात त्यातला ४० टक्केच मिथेन धरतात, म्हणजे १.३ किलो. बायोगॅसच्या टाकीत मात्र आपण मुद्दाम सगळा ३.२ किलो तयार करतो. मग त्या टाकीच्या जोडातून, पाइपातून, मागच्या खड्ड्यातून ४० टक्के गळला, तर हवेच्या दृष्टीने उकंडा आणि प्रकल्प सारखेच! त्याहून जास्त गळला तर उकंडाच बरा होता म्हणायचं. सुट्टीत मेस बंद, टाकी मात्र चालूच. तेव्हा तो गॅस जातो कुठे? निदान तो जाळून टाकावा. ३.२ किलो मिथेन जळून ८.८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. न जाळता सोडला तर परिणाम ९० किलोचा.

म्हणून मी म्हणते, मीटर नसलेला बायोगॅस प्रकल्प हा प्रकल्पच नव्हे, तो बोर्ड आहे. रंगवलेला बोर्ड, रिबन, फोटो, आणि दोन वर्षांनी त्यात वाढलेली बाभूळ. असं चित्र कितीतरी कॅम्पसमध्ये दिसतं. आपल्या राज्याला हे शोभत नाही, कारण या विषयात महाराष्ट्र जुना आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निघालेल्या गॅसवर दिवे लागले होते. देहूमध्ये डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला बायोगॅस जोडण्याचं काम आयुष्यभर केलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र बनवलं, आणि २००६ मध्ये संस्थेला त्यासाठी लंडनचं ॲशडेन पारितोषिक मिळालं. डॉ. शरद काळे यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘निसर्गऋण’ उभं केलं. तंत्र कधीच कमी नव्हतं. गावोगावचे गोबरगॅस बंद पडले ते जनावरं कमी झाली म्हणून, सिलेंडर आला म्हणून, आणि दुरुस्तीला कुणी आलं नाही म्हणून. शेणाइतकंच पाणी लागतं, आणि एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला पाणी रेल्वेने आणावं लागलं. त्या काळात गोबरगॅसला पाणी कुठून घालणार? त्या मानाने मेसचं खरकटं हे पाण्यासकट येतं. आपल्याला ती सबब नाही.

‘आपल्या एका हॉस्टेलने काय होणार? मोठे देश तेल आणि कोळसा खणताना सोडतात तो मिथेन बघा!’ हा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि पुरता नाही असंही वाटतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला १०० हून जास्त देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी कमी करण्याचा संकल्प केला. भारताने सही केली नाही. आपल्याकडचा सुमारे तीन-चतुर्थांश मिथेन शेतीतून येतो, म्हणजे गुरं आणि भात. आणि तो लहान शेतकऱ्याच्या पोटाशी बांधलेला आहे, ही सरकारची भूमिका. ऊसतोड टोळीच्या बैलाला हवामानबदलाचा गुन्हेगार ठरवायला माझाही विरोध आहे. पण मेसच्या उष्ट्याला कुणाच्या पोटाचं कारण आहे? उघड्या तळ्यातल्या मळीच्या पाण्याला आहे का? बैलाच्या आड उकंड्याने लपू नये, एवढंच माझं म्हणणं.

तेव्हा विद्यार्थ्यांकडे, मेस कमिटीकडे आणि स्टाफकडे मागणी सरळ आहे. पहिलं, एक महिनाभर ओला कचरा रोज तोलून त्याचा आकडा नोटीस बोर्डावर लावावा. नुसता आकडा दिसला तरी ताटात कमी टाकलं जाईल, आणि न झालेल्या कचऱ्याचा मिथेन शून्य. दुसरं, प्रकल्प बसवायचा तर गॅस मीटर, जादा गॅस जाळायची सोय आणि पाच वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे हे पहिल्याच बजेटमध्ये धरावेत. तिसरं, दर महिन्याला साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासून वहीत सही व्हावी, सही करणारा माणूस ठरलेला असावा. चौथं, अंतिम वर्षाच्या एका तरी ग्रुपने रीतसर परवानगी घेऊन प्रेसमडच्या किंवा कचऱ्याच्या ढिगावर वर्षभर मोजमाप करावं, आणि पुढच्या वर्षीच्या ग्रुपने तिथूनच पुढे न्यावं. दरवर्षी नवा विषय घेऊन दरवर्षी तोच रिपोर्ट छापण्यापेक्षा हे बरं. तीन-चार वर्षांत आपल्याकडे कोरड्या मराठवाड्याचे स्वतःचे आकडे असतील.

वजनकाटा मेसमध्ये आहेच. सकाळी धान्य आणि भाजी मोजून घ्यायला तो बाहेर निघतो. तोच रात्री साडेनऊला, ड्रमपाशी, पुन्हा एकदा काढायचा. खर्च शून्य. बघा पटतंय का!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल